तारायानातील बिऱ्हाड

दिल्लीतील तीनमूर्ती भवनाच्या आवारात तीन काळांतील तीन निवासस्थाने हाकेच्या अंतरावर उभी आहेत. पहिले चौदाव्या शतकातील. फिरोजशाह तुघलकाच्या शिकारीच्या मुक्कामासाठी बांधलेल्या या दगडी इमारतीला कुशक महाल म्हणतात. दुसरे म्हणजे खुद्द तीनमूर्ती भवन. रॉबर्ट टॉर रसेल या वास्तुशिल्पज्ञाने ते ब्रिटिश अमदानीतील सरसेनापतीसाठी आखले आणि १९३० साली ते पुरे झाले. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू १९६४ पर्यंत तेथेच राहिले. तिसरे निवासस्थान या दोहोंपुढे अगदीच चिमुकले. नेहरू तारांगणाच्या संग्रहातील ती एक घंटेच्या आकाराची धातूची कुपी आहे. तिचा व्यास सव्वादोन मीटरांच्या आसपास. ‘सोयूझ टी-१०’ या सोव्हिएत यानाचा हा पृथ्वीवर परतलेला भाग असून ११ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा आणि त्यांचे दोन सोबती याच कुपीतून अंतराळातून खाली आले.

कुपीत डोकावणाऱ्या शाळकरी मुलाच्या मनात पहिला प्रश्न असा येतो की, एवढ्याशा जागेत तिघे राहत तरी कसे होते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की, ते येथे राहत नव्हतेच. कुपी ही केवळ जाण्यायेण्याच्या वेळी बसावयाची जागा होय. तिच्या डोक्यावर आणखी एक गोलाकार कक्ष जोडलेला असतो. अंतराळवीर त्यात हातपाय मोकळे करतात, जेवतात आणि झोपतात. परतीच्या वाटेवर हा कक्ष सुटा करून सोडून देतात आणि तो वातावरणात जळून जातो. म्हणजे संग्रहालयाच्या वाट्याला येते ती बैलगाडी. घर वाटेतच भस्म झालेले असते. अंतराळातील मुक्कामाचा इतिहास लिहावयाचा तर तो बहुतांशी अशा नाहीशा झालेल्या घरांचा इतिहास आहे. ही घरे आता उरली आहेत ती कागदावरील आराखड्यांत. आणि आराखड्यांतून शोधू गेल्यास त्यातला एक मोठा भाग शास्त्रज्ञांच्या कचेऱ्यांऐवजी भलत्याच ठिकाणी, फासे टाकून खेळणाऱ्या मंडळींच्या मेजावर सापडतो.

यानावरील कर्मचाऱ्यांना किती जागा द्यावी, हा प्रश्न अंतराळयुगाबरोबर जन्माला आलेला नाही. समुद्रावरील जहाजांनी तो फार पूर्वीच सोडविला होता, आणि त्या सोडवणुकीत कोकणच्या माणसाचा वाटा कोणता होता हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश कायद्याने जहाजावरील खलाशास निदान ७२ घनफूट जागा दिली पाहिजे असे ठरविले होते. १९०६ च्या कायद्याने हे माप १२० घनफुटांवर नेले. हिंदुस्थानात भरती झालेल्या खलाशाला मात्र हे माप लागू नव्हते. त्याच्यासाठी निराळा आकडा होता आणि तो होता ३६ घनफुटांचा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी एक पेटी मनाशी कल्पावी, म्हणजे ३६ घनफूट होतात. त्या पेटीत माणूस आडवा होऊ शकतो. त्याहून अधिक काही करावयाचे तर त्याने डेकवर जावे, असा त्या आकड्याचा अर्थ.

मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींवर डेकवरचे काम करणारे रत्नागिरी जिल्ह्यातील आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील लोक असत. भट्टीपाशी कोळसा ओढण्यास पंजाबकडील माणसे घेत, आणि उतारूंच्या दिवाणखान्यात वाढपी म्हणून गोवेकर असत. सारंग, टंडेल, खलाशी अशी त्यांची उतरंड ठरलेली होती. जहाज एक, समुद्र एक, वादळ आले तर बुडण्याची भीतीही सर्वांना एकच. परंतु श्वासासाठी मिळणारी हवा कातडीचा रंग पाहून मोजलेली. जहाजाचा नकाशा उघडून कोण कोठे झोपतो एवढे पाहिले, तरी त्या जहाजावरील राज्यव्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते, ती अशी.

अंतराळयाने बांधू लागलेल्या अभियंत्यांपुढे प्रारंभी हा प्रश्न आलाच नाही. पहिल्या उड्डाणांत माणूस आसनाला जखडलेला असे आणि काही तासांत वा दिवसांत तो परत येई. दीर्घ मुक्कामाचा विचार सुरू झाला तेव्हा मात्र घर आखणाऱ्याची आवश्यकता भासू लागली. सर्गेई कोरोल्योव यांच्या मॉस्कोजवळील संस्थेत गालिना बालाशोवा नावाच्या वास्तुशिल्पज्ञ होत्या. संस्थेतील नोकरांच्या राहत्या इमारतींचे काम त्यांच्याकडे असे. १९६३ च्या सुमारास ‘सोयूझ’च्या राहत्या कक्षाचा पहिला नमुना कोरोल्योव यांना पसंत पडला नाही, त्यात यंत्रे होती, पण घर नव्हते. नवा आराखडा बालाशोवा यांनी आठवड्याच्या सुट्टीत घरी बसून काढला. एका बाजूला दिवाण आणि दुसऱ्या बाजूला सामानाचे कपाट, अशी त्याची साधी मांडणी होती. वजनरहित अवस्थेत वर कोणते आणि खाली कोणते हे कळेनासे होते. म्हणून त्यांनी जमीन गडद आणि छत फिकट रंगाचे योजले. भिंतीवर लावण्यासाठी त्यांनी स्वतः जलरंगांतील लहान निसर्गचित्रे काढून दिली. ती चित्रेही प्रत्येक यानाच्या राहत्या कक्षाबरोबर आकाशात जळून गेली. बालाशोवा यांचे हे काम पुढे ‘मीर’ स्थानकापर्यंत चालू राहिले. परंतु ते गोपनीय असल्यामुळे जगाला त्यांचे नाव कळण्यास बराच काळ लोटला.

अमेरिकेतही याच सुमारास असाच प्रसंग आला. ‘स्कायलॅब’ या स्थानकाच्या अंतर्भागासाठी नासाने १९६७ मध्ये रेमंड लोवी यांचा सल्ला घेतला. लोवी हे आगगाड्यांच्या इंजिनांपासून दुकानांतील वस्तूंपर्यंत शेकडो गोष्टींना आकार देणारे गृहस्थ होते. त्यांनी ज्या गोष्टींचा आग्रह धरला त्या ऐकावयास क्षुल्लक वाटतील. पृथ्वी दिसावी म्हणून एक खिडकी हवी. तिघांनी समोरासमोर बसून जेवावे असे मेज हवे. आणि प्रत्येकाला दिवसातील काही काळ एकटे राहता यावे म्हणून निजण्याची स्वतंत्र कोठडी हवी. खिडकीमुळे यानाच्या भिंतीचे बळ कमी होते, म्हणून अभियंत्यांचा तिला विरोध होता. अखेर खिडकी बसली. १९७३ आणि १९७४ मध्ये तीन तुकड्या तेथे अनुक्रमे २८, ५९ व ८४ दिवस राहिल्या, आणि फावल्या वेळात त्या खिडकीपाशी जाऊन बसणे हा सर्वांच्या आवडीचा विरंगुळा ठरला.

खऱ्या यानांची ही घडण चालू असतानाच, कल्पनेतील यानांची घडण अमेरिकेच्या मध्यभागातील एका लहान गावात सुरू झाली. तिचे माध्यम होते खेळ. आपल्याकडे सारीपाट किंवा सापशिडी खेळताना सोंगटी म्हणजे केवळ सोंगटी असते. १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने अमेरिकेत निघालेल्या खेळाने सोंगटीला नाव, स्वभाव आणि पूर्वायुष्य दिले. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि जेथे प्रसंगाचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकून तो ठरवितात. नाटक आणि द्यूत यांचा हा संकर ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणून ओळखला जातो.

या जातीचा, परंतु तारामंडळात घडणारा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ १९७७ साली इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते मार्क मिलर हे व्हिएतनामच्या युद्धात सैन्यात होते. काळ्या वेष्टनाच्या तीन लहान पुस्तिका, एवढाच त्या खेळाचा संसार. त्यातील दुसरी पुस्तिका तारायानांविषयी होती. तिने सामान्य खेळाडूच्या हातात एक अपूर्व अधिकार दिला: आपले यान आपणच आखण्याचा. कागद, पेन्सिल आणि बेरीज-वजाबाकी यांखेरीज त्याला काही लागत नसे.

या पुस्तिकेतील हिशेब सरकारी अंदाजपत्रकाला शोभेल इतका काटेकोर आहे. यानाचे आकारमान टनांत मोजावयाचे. आणि एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर, जागा म्हणजे एक टन असे पुढील नियमांत स्पष्ट झाले. इंजिन, इंधन, सुकाणूकक्ष, माल यांनी आपापले टन घेतल्यावर जे उरेल त्यात माणसे बसवावयाची. एका माणसाच्या कोठडीसाठी चार टन. लढाऊ किंवा खासगी मोहिमेच्या यानांत दोघांनी एका कोठडीत राहण्यास मुभा आहे. तिसऱ्याला मात्र सक्त मनाई, कारण हवा-पाणी पुरविणाऱ्या यंत्रणेवर ताण पडतो. नमुन्यादाखल दिलेल्या दोनशे टनांच्या व्यापारी यानात अशा दहा कोठड्या आहेत. चार कर्मचाऱ्यांसाठी चार आणि उतारूंसाठी सहा. म्हणजे यानाचा पाचवा हिस्सा केवळ बिऱ्हाडासाठी खर्ची पडला.

अशा यानाचा नकाशा काढताना चौकोनी रेघांच्या कागदावरील एक घर म्हणजे दीड मीटर बाजूचा चौरस आणि दोन मजल्यांतील अंतर तीन मीटर असे धरण्याची रीत पडली. अशा दोन चौरसांवरील जागा भरते साडेतेरा घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक टन. कोठडीच्या वाट्याला जे चार टन आलेले असतात ते सगळे कोठडीतच घालवावयाचे नसतात. सुमारे निम्मी जागा वाटा, जेवणघर आणि एकत्र बसण्याची खोली यांसाठी काढून ठेवावी असा संकेत आहे. राहिलेल्या दोन टनांचे चार चौरस होतात. त्यांची लांबी तीन मीटर आणि रुंदी तीन मीटर. फुटांत सांगावयाचे तर ती दहा बाय दहाची खोली!

हे माप मराठी माणसाला नकाशाशिवाय कळते. गिरणगावातील चाळीच्या खोलीचे नाव काढले की तोंडी येते ते दहा बाय दहाच. भविष्यातील तारायानाच्या चालकाला खेळकर्त्यांनी दिलेली खोली आणि मुंबईत कोकणातून आलेल्या गिरणीकामगाराची खोली यांचे क्षेत्रफळ एकच असावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. भेद एवढाच की, तारायानाच्या खोलीत एक माणूस राहतो आणि चाळीच्या खोलीत एक कुटुंब राहत असे, शिवाय गावाहून आलेला एखादा पाहुणा. पण खोलीबाहेरच्या जागेचे जे महत्त्व चाळीच्या गॅलरीने शिकविले, तेच खेळातील नियमही सांगतात. माणूस खोलीत झोपतो. राहतो तो सामाईक जागेत.

तथापि या पुस्तिकेचा खरा धडा दुसऱ्याच एका ओळीत आहे. ज्यांना कोठडीचे भाडे परवडत नाही अशा उतारूंसाठी ‘लो बर्थ’ नावाची सोय आहे. ही थंड पेटी अर्ध्या टनाची असते. उतारूला तीत निद्रिस्त करून गोठविल्यासारखे ठेवावयाचे आणि मुक्कामी पोहोचल्यावर जागे करावयाचे. जागे करताना दोन फासे टाकतात. बेरीज पाच किंवा अधिक आली तर उतारू डोळे उघडतो. कमी आली तर तो मेला असे समजावयाचे. दोन फाशांचे छत्तीस प्रकारे दान पडू शकते, त्यांपैकी सहा प्रकारांत बेरीज पाचाहून कमी येते. म्हणजे दर सहा गरिबांमागे एक जण परत उठत नाही. निष्णात वैद्य हजर असेल तर हा धोका कमी होतो आणि प्रकृती मुळात अशक्त असेल तर वाढतो.

आता यानाच्या मालकाच्या नजरेने जमाखर्च मांडून पाहावा. चार टनांत माल भरला तर टनामागे एक हजार प्रमाणे चार हजारांचे भाडे मिळते. त्याच जागेत मधल्या वर्गाच्या उतारूसाठी कोठडी बांधली तर आठ हजार येतात. हवा-पाण्याचे दोन हजार वजा जाता सहा हजार राहतात. आणि तेथेच आठ थंड पेट्या बसविल्या तर प्रत्येकी हजार घेऊन व शंभर खर्च करून सात हजार दोनशे पदरात पडतात. सारांश, एका माणसाला सुखाने नेण्यापेक्षा आठ माणसांना मृत्यूच्या दाढेत घालून नेणे किफायतशीर आहे. खेळाने यावर प्रवचन केलेले नाही. त्याने फक्त दर छापले आणि पेन्सिल खेळाडूच्या हाती दिली. मेजाशी बसलेल्या विशीतल्या मुलाला आपल्या हाताने ती बेरीज करावी लागते आणि आपण कोणते यान बांधणार हे ठरवावे लागते. कोकणच्या खलाशाला ३६ घनफूट देणाऱ्या कचेरीतही अशीच बेरीज कोणीतरी केली असली पाहिजे, आणि ती करणारा माणूस काही राक्षस नसावा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण अंथरूण किती लांब असावे हे ठरविणारा बहुधा दुसराच कोणी असतो.

त्यानंतरच्या काळात या नकाशांची एक स्वतंत्र कलाच निर्माण झाली. तिची पूर्वतयारी दूरचित्रवाणीवरील ‘स्टार ट्रेक’ या मालिकेने केली होती. तिच्यातील यानाचे बारा पत्र्यांचे नकाशे १९७५ साली पुस्तकांच्या दुकानात आले आणि लोकांनी ते मोठ्या हौसेने विकत घेतले. १९८० साली ‘ट्रॅव्हलर’च्या कर्त्यांनी साठ हजार टनांच्या युद्धयानाचे मजलेवार नकाशे असलेला खेळ काढला. त्याच वर्षी शिकागोत ‘फासा’ नावाची संस्था निघाली आणि तिने तारायानांच्या नकाशांपासून आपल्या व्यवसायास आरंभ केला. तिच्या संस्थापकांपैकी जॉर्डन वाइसमन हे काही काळ व्यापारी नौदलाच्या विद्यालयात शिकलेले होते. समुद्रावरील जहाजांचा वारसा अशा रीतीने कागदावरील तारायानांत उतरला. या नकाशांत कप्तानाची खोली सुकाणूकक्षाजवळ, अधिकाऱ्यांच्या त्यापुढे, आणि सैनिकांच्या एकावर एक रचलेल्या बिछान्यांची रांग इंजिनाच्या आवाजापाशी, अशी मांडणी वारंवार आढळते. हजारो वर्षांपुढचा समाज रंगविताना चित्रकाराच्या हाताला वळण मात्र आगबोटीचेच होते.

हे वळण ओळखण्यासाठी दिल्लीकराला दूर जावे लागत नाही. नवी दिल्ली हे शहरही एका प्रचंड यानासारखे एकाच वेळी, एकाच आराखड्याने, कर्मचाऱ्यांना वसविण्यासाठी आखले गेले. टेकडीवर व्हाइसरॉयचा प्रासाद, त्याच्या दक्षिणेस विस्तीर्ण आवारांचे अधिकाऱ्यांचे बंगले, आणि गोल मार्केटच्या बाजूला कारकुनांच्या वसाहती. माणसाचा पत्ता ऐकून त्याचे वेतन ताडता यावे अशी ती रचना होती. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले. निवासस्थानांचे वर्ग मात्र टिकले. सरकारी नोकराचे घर आजही त्याच्या वेतनश्रेणीप्रमाणे ठरते आणि ‘टाईप’ या शब्दाने ओळखले जाते. उतरंड नसलेले जहाज चालत नाही, हे कदाचित खरे असेल. पण उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसाला किमान किती हवी, हा प्रश्न उतरंडीने सुटत नाही. त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते आणि ते कायद्यात लिहून ठेवावे लागते.

अंतराळातील खऱ्या बिऱ्हाडांनी ते उत्तर हळूहळू दिले आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये ‘साल्यूत-७’ वर पोहोचले तेव्हा तेथे आधीचे तिघे आणि नवे तिघे असे सहा जण एका लांबट दालनात एकत्र होते. दार लावून घेता येईल अशी खासगी कोठडी सोव्हिएत स्थानकात आली ती १९८६ च्या ‘मीर’वर, आणि तीही दोघांपुरतीच. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जुन्या टेलिफोनच्या खोक्याएवढ्या कोठड्या झाल्या. एकीत सुमारे दोन घनमीटर जागा, निजण्याची पिशवी, दिवा आणि घरच्यांची छायाचित्रे. कप्तानाची आणि नवख्याची कोठडी तेथे सारख्याच मापाची आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला त्या स्थानकावर गेले तेव्हा एकूण अकरा जण तेथे होते. दिल्लीतून पंतप्रधानांनी साधलेल्या संवादात शुक्ला यांनी आवर्जून सांगितलेली अडचण विज्ञानाची नव्हती, झोपेची होती. जेथे जमीनच नाही तेथे भिंतीला वा छताला बांधून घेऊन निजावे लागते.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच्या अग्निबाणांविषयी आणि वजनांविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. परंतु कोठेतरी एखाद्या मेजावर चौकोनी रेघांचा कागद पसरून कोणीतरी त्याची राहती जागाही आखणार आहे. खिडकी ठेवावी की वाचवावी, जेवणाचे मेज किती जणांचे असावे, आजारी पडलेल्याने कोठे निजावे, हे त्या कागदावर ठरेल. ते आखणाऱ्याने एकदा तीनमूर्तीच्या आवारात जाऊन यावे. सुलतानाचा शिकारमहाल तेथे आहे, सरसेनापतीचा प्रासाद आहे, आणि ती जळून काळवंडलेली कुपीही आहे. तिच्यावर जोडलेली खोली, जिच्यात तीन माणसे खरोखर राहिली, तेवढी मात्र तेथे पाहावयास मिळणार नाही.